ब्राँकिओलायटिस

ब्राँकिओलायटिस हा दोन वर्षांखालील बालकांना होणारा विषाणुजन्य श्वसनरोग आहे. यात फुप्फुसांतील सर्वांत बारीक श्वासनलिकांना सूज येते, त्यांत चिकट स्राव साठतो आणि बाळाला श्वास बाहेर सोडणे कठीण होते. आजाराची सुरुवात साध्या सर्दीने होते. दोन-तीन दिवसांनी खोकला, धाप आणि छातीतील घरघर सुरू होते. बहुतेक बालके घरच्या देखभालीने बरी होतात. काहींना मात्र प्राणवायू व कृत्रिम आहार यांसाठी रुग्णालयात दाखल करावे लागते, तर थोड्या बालकांमध्ये आजार प्राणघातक ठरू शकतो. रेस्पिरेटरी सिंशियल व्हायरस अर्थात आरएसव्ही हा या आजाराचे सर्वांत प्रमुख कारण असलेला विषाणू आहे. या आजारावर विषाणूनाशक औषधाचा नेहमीचा उपचार उपलब्ध नाही. श्वास, पाणी व पोषण सांभाळणे हाच उपचाराचा गाभा आहे.

कारणीभूत विषाणू

आरएसव्ही हा न्यूमोव्हिरिडी कुळातील विषाणू आहे. २०१६ पूर्वी त्याचा समावेश गोवर व गालगुंड यांच्या विषाणूंसह पॅरामिक्झोव्हिरिडी कुळात केला जात असे. त्याचा जनुकीय ठेवा सुमारे १५,२०० न्यूक्लिओटाइडांच्या एकसूत्री आरएनएच्या रूपात असून त्यावरील १० जनुकांपासून ११ प्रथिने तयार होतात. विषाणूभोवती मेदाचे आवरण असते. या आवरणावरील जी प्रथिन पेशीला चिकटण्याचे, तर एफ प्रथिन विषाणूचे आवरण पेशीच्या पटलात मिसळवण्याचे काम करते. एफ प्रथिनामुळेच बाधित पेशी शेजारच्या पेशींशी जोडल्या जाऊन अनेक केंद्रके असलेला एक मोठा पेशीपुंज तयार होतो. अशा पुंजाला सिंशियम म्हणतात. विषाणूच्या नावातील सिंशियल हा शब्द त्यावरूनच आला आहे. विषाणूचे अ आणि ब असे दोन उपगट असून एकाच हंगामात दोन्ही आढळू शकतात.

ऱ्हायनोव्हायरस, ह्यूमन मेटान्यूमोव्हायरस, पॅराइन्फ्लुएंझा, इन्फ्लुएंझा, ॲडिनोव्हायरस आणि बोकाव्हायरस यांमुळेही हा आजार होतो. एकाच बाळात दोन विषाणू एकत्र सापडणे असामान्य नाही. कारणीभूत विषाणू कोणताही असला तरी लक्षणे व प्राथमिक उपचार यांत फारसा फरक पडत नाही.

प्रसार

बाधित व्यक्तीच्या खोकल्या-शिंकांतून उडणारे थेंब आणि नाकाचा स्राव लागलेले हात हे प्रसाराचे मुख्य मार्ग आहेत. विषाणू नाकाच्या किंवा डोळ्यांच्या अंतस्त्वचेतून शरीरात शिरतो. टणक पृष्ठभागांवर तो काही तास टिकतो. त्यामुळे पाळण्याचा कठडा, खेळणी, दाराची कडी किंवा तपासणीची उपकरणे यांवरूनही तो हातांमार्फत बाळापर्यंत पोहोचू शकतो. विषाणूभोवती मेदाचे आवरण असल्यामुळे साबण व अल्कोहोलयुक्त द्रव यांनी तो सहज नष्ट होतो.

संसर्गानंतर साधारणतः चार ते सहा दिवसांत लक्षणे दिसू लागतात. बाधित व्यक्ती तीन ते आठ दिवस विषाणू पसरवते. मात्र तान्ही बालके आणि प्रतिकारशक्ती दुबळी असलेल्या व्यक्ती चार आठवड्यांपर्यंत तो पसरवू शकतात. जवळजवळ प्रत्येक मूल दोन वर्षांचे होईपर्यंत एकदा तरी आरएसव्हीने बाधित होते. या संसर्गातून मिळणारे संरक्षण अपुरे व अल्पकालीन असल्याने आयुष्यभर पुन्हा पुन्हा संसर्ग होतो. मोठ्या मुलांत व प्रौढांत तो बहुधा सर्दीपुरता राहतो. घरातील तान्ह्या बाळाला आजार बहुतेक वेळा सर्दी झालेल्या मोठ्या भावंडाकडून किंवा पालकांकडून होतो.

शरीरात होणारे बदल

विषाणू प्रथम नाक व घशातील उपकला पेशींत वाढतो आणि तेथून खालच्या श्वसनमार्गात उतरतो. बारीक श्वासनलिकांच्या आतील पेशी मरून गळून पडतात, स्राव पुढे ढकलणाऱ्या पक्ष्माभिका नष्ट होतात आणि नलिकांच्या भिंतींना सूज येते. मृत पेशी, श्लेष्मा आणि पांढऱ्या पेशी यांचे मिश्रण नलिकांमध्ये बुचासारखे अडकते.

लहान बाळालाच हा त्रास अधिक का होतो, याचे उत्तर नलिकांच्या आकारात आहे. अरुंद नलिकेतून संथपणे वाहणाऱ्या हवेला होणारा विरोध नलिकेच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे त्रिज्या निम्मी झाली की विरोध सोळा पट होतो. प्रौढाच्या रुंद नलिकेत एक मिलिमीटर सूज सहज खपून जाते, परंतु बाळाच्या नलिकेत तीच सूज मार्ग जवळपास बंद करू शकते. श्वास घेताना नलिका किंचित रुंदावतात आणि सोडताना आकुंचन पावतात. त्यामुळे हवा आत शिरते पण पुरती बाहेर पडत नाही आणि फुप्फुसे फुगतात. ज्या ठिकाणी नलिका पूर्णपणे बंद होते, तेथील वायुकोश आक्रसतात. अशा भागांतून वाहणाऱ्या रक्ताला प्राणवायू मिळत नाही व रक्तातील प्राणवायूचे प्रमाण घटते.

या आजारातील अडथळा मुख्यतः सूज आणि मृत पेशींचा असतो. दम्याप्रमाणे नलिकांभोवतीच्या स्नायूंचे आकुंचन हे येथे प्रमुख कारण नसते. दम्याची औषधे या आजारात निष्प्रभ का ठरतात, हे यावरून समजते. नष्ट झालेल्या उपकला पेशी काही दिवसांत पुन्हा तयार होऊ लागतात. पक्ष्माभिका पूर्ववत होण्यास मात्र त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून बाळ सुधारल्यावरही खोकला रेंगाळतो.

लक्षणे व आजाराचा क्रम

पहिले एक ते तीन दिवस नाक वाहणे, नाक चोंदणे, शिंका आणि सौम्य ताप ही लक्षणे असतात. ताप सहसा ३९ अंश सेल्सियसच्या खाली राहतो; अनेक बालकांना तो येतच नाही. यानंतर खोकला वाढतो, श्वासाची गती वाढते आणि श्वास सोडताना शिटीसारखा आवाज किंवा घरघर ऐकू येते. श्वास घेताना बाळाच्या नाकपुड्या फुलतात, बरगड्यांमधील व बरगड्यांखालील भाग आत ओढला जातो आणि पोट वेगाने वरखाली होते. आया याचे वर्णन ‘बाळाचे पोट उडते आहे’ असे करतात. धापेमुळे बाळाला अंगावर पिणे जमत नाही. ते थोडे ओढते, दमते आणि सोडून देते.

लक्षणे साधारणतः तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक तीव्र असतात. दुसऱ्या दिवशी सौम्य वाटणारा आजार चौथ्या दिवशी गंभीर होऊ शकतो, म्हणून तपासणीच्या वेळी आजाराचा कितवा दिवस आहे हे सांगणे महत्त्वाचे असते. त्यानंतर धाप हळूहळू कमी होते. खोकला सरासरी दोन आठवडे टिकतो आणि बहुसंख्य बालकांत तीन आठवड्यांत थांबतो.

सहा आठवड्यांखालील आणि मुदतपूर्व जन्मलेल्या बालकांत चित्र वेगळे असू शकते. त्यांच्यात खोकला किंवा घरघर ठळक होण्याआधीच काही सेकंद श्वास थांबण्याचे प्रसंग येतात. काही बालकांत दूध न पिणे आणि मलूलपणा एवढीच लक्षणे दिसतात.

श्वासाची गती बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने जलद श्वासासाठी पुढील मर्यादा ठरवल्या आहेत :

• दोन महिन्यांखालील बाळ : मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास
• दोन ते अकरा महिन्यांचे बाळ : मिनिटाला ५० किंवा अधिक श्वास
• एक ते पाच वर्षांचे मूल : मिनिटाला ४० किंवा अधिक श्वास

धोक्याची लक्षणे

पुढीलपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास बाळाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे लागते :

• श्वास मध्येच थांबणे
• ओठ, जीभ किंवा चेहरा निळसर अथवा राखाडी पडणे
• छाती खोल आत ओढली जाणे किंवा प्रत्येक श्वासाबरोबर कण्हणे
• नेहमीच्या निम्म्याहून कमी दूध पिणे किंवा पिणे पूर्णपणे बंद होणे
• बारा तासांत लघवी न होणे
• बाळ मलूल होणे, जागे करूनही प्रतिसाद न देणे किंवा झटके येणे

दोन महिन्यांखालील बाळाला ताप येणे किंवा त्याचे अंग थंड पडणे हीदेखील तातडीने तपासणी करण्याची कारणे आहेत. कारण या वयात जंतुसंसर्गाने होणारा रक्तदोष अशाच लक्षणांनी सुरू होऊ शकतो. श्वासासाठी धडपडणारे बाळ अचानक शांत झाले आणि त्याच्या श्वासाची गती मंदावली, तर ती सुधारणा असेलच असे नाही. बाळ थकल्याचे ते चिन्ह असू शकते.

अधिक धोका असलेली बालके

वय हा सर्वांत मोठा धोक्याचा घटक आहे. तीन महिन्यांखालील बालकांत आजार तीव्र होण्याची शक्यता जास्त असते. मुदतपूर्व जन्म, विशेषतः गर्भावस्थेच्या ३२ आठवड्यांपूर्वी झालेला जन्म, जन्मजात हृदयविकार, फुप्फुसांचा दीर्घकालीन आजार, मज्जातंतू व स्नायूंचे विकार, डाउन सिंड्रोम आणि प्रतिकारशक्तीची कमतरता यांमुळेही धोका वाढतो. गर्भाला आईकडून वारेमार्फत मिळणारी प्रतिपिंडे प्रामुख्याने गर्भावस्थेच्या अखेरच्या तिमाहीत पोहोचतात. मुदतपूर्व जन्मलेल्या बाळाला ती पुरेशी मिळत नाहीत. शिवाय त्याची फुप्फुसेही अपरिपक्व असतात.

तंबाखूचा धूर, चुलीचा धूर, दाटीची वस्ती, घरातील शाळकरी भावंडे, कुपोषण आणि स्तनपानाचा अभाव हे परिस्थितीशी निगडित घटक आहेत. असे असले तरी रुग्णालयात दाखल होणारी बहुसंख्य बालके पूर्ण दिवसांची आणि पूर्वी निरोगी असलेलीच असतात.

निदान

निदान मुख्यतः बाळाचे वय, आजाराचा क्रम आणि छातीची तपासणी यांवरून होते. स्टेथोस्कोपने दोन्ही बाजूंना शिटीसारखे किंवा बारीक करकरणारे आवाज ऐकू येतात. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पल्स ऑक्सिमीटरने मोजतात. नाकातील स्रावाची तपासणी करून विषाणू ओळखता येतो. परंतु त्यामुळे उपचार सहसा बदलत नसल्याने ही तपासणी मुख्यतः साथींचे सर्वेक्षण आणि रुग्णालयातील विलगीकरण यांसाठी उपयोगी पडते.

छातीचे क्ष-किरण चित्र आणि रक्ततपासण्या नेहमी आवश्यक नसतात. क्ष-किरण चित्रात आक्रसलेल्या वायुकोशांची जी सावली दिसते, तिच्यात व जिवाणुजन्य न्यूमोनियाच्या सावलीत फरक करणे कठीण असते. त्यातून अनावश्यक प्रतिजैविके दिली जातात. आजार असामान्य वळण घेत असेल, ताप खूप जास्त असेल किंवा बाळ अत्यवस्थ असेल तेव्हा या तपासण्या केल्या जातात.

निदान करताना पुढील आजार वेगळे काढावे लागतात :

• जिवाणुजन्य न्यूमोनिया : ताप ३९ अंशांहून अधिक असतो आणि छातीच्या एकाच भागात करकर ऐकू येते.
• दमा व विषाणूमुळे वारंवार होणारी घरघर : मूल बहुधा एक वर्षाहून मोठे असते आणि असे त्रास पूर्वीही झालेले असतात.
• डांग्या खोकला : खोकल्याच्या उबळी येतात, पण दोन उबळींच्या मधल्या काळात छाती स्वच्छ असते.
• श्वासनलिकेत अडकलेली वस्तू : शेंगदाणा, मणी यांसारखी वस्तू गिळताना अचानक ठसका लागल्याचा इतिहास मिळतो आणि आवाज एकाच बाजूला ऐकू येतो.
• जन्मजात हृदयविकार : पिताना घाम येणे, वजन न वाढणे, यकृत मोठे होणे आणि हृदयाचा असामान्य ध्वनी ही लक्षणे आढळतात.

उपचार

घरगुती देखभाल

बाळ पुरेसे पीत असेल, त्याच्या श्वासाचा त्रास सौम्य असेल आणि रक्तातील प्राणवायू योग्य प्रमाणात असेल, तर घरी देखभाल करता येते. स्तनपान चालू ठेवून प्रत्येक वेळी थोडे पण अधिक वेळा पाजतात. लहान बाळ मुख्यतः नाकाने श्वास घेते. त्यामुळे पाजण्यापूर्वी व झोपवण्यापूर्वी नाकपुड्यांत मिठाच्या निर्जंतुक द्रावणाचे थेंब घालून स्राव हलकेच काढल्यास त्याला आराम मिळतो. तापामुळे बाळ अस्वस्थ असेल तर वजनानुसार ठरवलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल देतात. ॲस्पिरीन देत नाहीत.

नाकात तेल घातल्यास ते फुप्फुसांत उतरून वेगळ्या प्रकारचा न्यूमोनिया होऊ शकतो. ओवा, धूप किंवा शेण्यांची धुरी सुजलेल्या श्वासनलिकांना आणखी त्रास देते. गरम पाण्याच्या वाफेचा फायदा सिद्ध झालेला नाही. उलट भाजण्याचे अपघात त्यातून होतात. एक वर्षाखालील बाळाला मध दिल्यास बॉट्युलिझम या विषबाधेचा धोका असतो. दोन वर्षांखालील मुलांच्या छातीला वा नाकाला कापूरयुक्त मलम लावणे असुरक्षित मानले जाते. खोकल्याची पातळ औषधे या आजारात उपयोगी नाहीत. भारताच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत, अशी सूचना प्रसृत केली.

रुग्णालयातील उपचार

श्वास थांबणे, रक्तातील प्राणवायूची घट, छाती खोल आत ओढली जाणे किंवा पिणे निम्म्यावर येणे ही दाखल करण्याची प्रमुख कारणे आहेत. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेनुसार रक्तातील प्राणवायूची संपृक्तता ९० टक्क्यांहून अधिक असल्यास जादा प्राणवायू देणे आवश्यक नसते. ब्रिटनमधील मार्गदर्शिका सहा आठवड्यांखालील व इतर आजार असलेल्या बालकांसाठी ९२ टक्के ही मर्यादा मानते.

ऑक्सिमीटरच्या आकड्याला किती महत्त्व द्यावे, याविषयी २०१४ मध्ये कॅनडातील टोरँटो येथील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सौम्य ते मध्यम आजार असलेल्या बालकांपैकी एका गटात खरा आकडा आणि दुसऱ्या गटात तीन अंकांनी वाढवलेला आकडा डॉक्टरांना दाखवण्यात आला. पहिल्या गटातील ४१ टक्के, तर दुसऱ्यातील २५ टक्के बालके दाखल झाली. केवळ एका आकड्यावरून नव्हे, तर बाळाची एकूण स्थिती पाहून निर्णय घ्यावा, हे या अभ्यासाने अधोरेखित केले.

श्वासाची गती फार वाढलेली असताना तोंडाने पाजल्यास दूध श्वासमार्गात जाण्याची भीती असते. अशा वेळी नाकावाटे जठरात नळी घालून आईचे काढलेले दूध देतात किंवा शिरेतून समतोल क्षारद्रव देतात. नाकातील स्राव वरचेवर काढणे हाही देखभालीचा भाग आहे.

साध्या नळीने दिलेला प्राणवायू अपुरा पडल्यास उबदार व दमट केलेला प्राणवायू नाकातील नळ्यांवाटे अधिक वेगाने देतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १,४७२ बालकांचा समावेश असलेल्या ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील चाचणीत या पद्धतीने उपचार सुरू केलेल्या गटातील १२ टक्के बालकांना अधिक तीव्र उपचार लागले, तर साध्या प्राणवायूच्या गटात हे प्रमाण २३ टक्के होते. याहूनही गंभीर अवस्थेत श्वासमार्गात सतत धन दाब राखणारे सीपॅप यंत्र आणि शेवटी कृत्रिम श्वसनयंत्र वापरतात.

साधनांची टंचाई असलेल्या ठिकाणी बबल सीपॅप ही पद्धत महत्त्वाची ठरली आहे. यात उच्छ्वासाच्या नळीचे टोक बाटलीतील पाण्यात ठरावीक खोलीवर बुडवतात; पाण्याच्या उंचीमुळे आवश्यक दाब निर्माण होतो. बांगलादेशातील ढाका येथे तीव्र न्यूमोनिया झालेल्या व प्राणवायू घटलेल्या मुलांवर केलेल्या चाचणीत साध्या प्राणवायूच्या गटातील मृत्यूचे प्रमाण १५ टक्के होते, तर बबल सीपॅपच्या गटात ते ४ टक्के होते. ही चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली.

उपयुक्त न ठरलेली औषधे

अनेक दशके या आजारात दम्याची औषधे सर्रास वापरली जात. नियंत्रित चाचण्यांत साल्ब्युटामॉलच्या फवाऱ्याने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण किंवा तेथील वास्तव्य कमी झाल्याचे आढळले नाही. उलट हृदयाची गती वाढणे व थरथर हे दुष्परिणाम दिसले. स्टेरॉइडे आणि छातीवर थापट्या मारण्याची भौतिकोपचार पद्धती यांचाही लाभ सिद्ध झालेला नाही. ॲड्रेनलिनचा फवारा नेहमीच्या उपचारात सुचवला जात नाही. तीव्र मीठ-द्रावणाच्या फवाऱ्याबाबतचे निष्कर्ष परस्परविरोधी आहेत.

प्रतिजैविके विषाणूवर परिणाम करत नाहीत. सोबत जिवाणुसंसर्ग असल्याचा ठोस पुरावा किंवा सबळ संशय असेल तेव्हाच ती देतात. त्यांच्या अनावश्यक वापरामुळे अतिसार होतो आणि औषधांना दाद न देणारे जिवाणू फैलावतात. रिबाव्हिरिन हे विषाणूरोधक औषध फक्त प्रतिकारशक्ती अत्यंत क्षीण असलेल्या निवडक रुग्णांत विचारात घेतले जाते.

औषध न देणे म्हणजे उपचार न करणे नव्हे, हे पालकांना समजावून सांगणे हा या आजाराच्या व्यवस्थापनाचा महत्त्वाचा भाग मानला जातो. बाळ घरी पाठवताना धोक्याची लक्षणे आणि पुन्हा केव्हा यायचे, हे स्पष्टपणे सांगितले जाते.

गुंतागुंत व दूरगामी परिणाम

श्वास थांबणे, शरीरातील पाणी कमी होणे, श्वसन निकामी होणे आणि फुप्फुसाचा भाग आक्रसणे या तात्कालिक गुंतागुंती आहेत. कानाच्या मध्यभागाचा संसर्गही अनेकदा आढळतो. ॲडिनोव्हायरसमुळे झालेल्या तीव्र आजारानंतर क्वचित बारीक श्वासनलिका व्रण भरून कायमच्या बंद होतात.

बाल्यावस्थेत तीव्र आजार झालेल्या मुलांना पुढील काही वर्षे वारंवार घरघर होण्याची आणि दम्याची शक्यता अधिक असते. विषाणूमुळेच दमा जडतो की दम्याची मुळातच प्रवृत्ती असलेल्या बालकांत हा आजार तीव्र होतो, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत.

प्रतिबंध

साबणाने हात धुणे, सर्दी झालेल्या व्यक्तींना तान्ह्या बाळापासून दूर ठेवणे, बाळाचे मुके घेणे टाळणे, धूरविरहित घर आणि पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान हे प्रतिबंधाचे सर्वांना शक्य असलेले उपाय आहेत. बाळाला पाजणाऱ्या आईलाच सर्दी असेल, तर स्तनपान न थांबवता तोंडाला मास्क लावून व हात धुऊन पाजावे, असे सुचवले जाते.

तयार प्रतिपिंडे टोचून संरक्षण देण्याची पद्धत १९९८ पासून वापरात आहे. त्या वर्षी अमेरिकेत मान्यता मिळालेले पॅलिव्हिझुमॅब हे औषध हंगामात दरमहा टोचावे लागते आणि ते अतिशय महाग असल्याने केवळ उच्च धोक्याच्या बालकांना दिले जाई. त्याच्या मूळ चाचणीत रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण ५५ टक्क्यांनी घटले होते. युरोपात २०२२ मध्ये व अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळालेले निर्सेव्हिमॅब शरीरात अधिक काळ टिकते. त्याची एकच मात्रा पूर्ण हंगामाला पुरते. ते सर्व नवजात बालकांना देणाऱ्या स्पेनमधील गॅलिसिया प्रांतात आरएसव्हीमुळे दाखल होणाऱ्या बालकांची संख्या ८० टक्क्यांहून अधिक कमी झाली.

दुसरा मार्ग गर्भवतीच्या लसीकरणाचा आहे. आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या लसीने जन्मानंतरच्या पहिल्या ९० दिवसांत तीव्र आजारापासून सुमारे ८२ टक्के, तर १८० दिवसांत सुमारे ६९ टक्के संरक्षण दिले. अमेरिकेत ही लस गर्भावस्थेच्या ३२ ते ३६ आठवड्यांत दिली जाते. गर्भवतीची लस किंवा निर्सेव्हिमॅब यांपैकी एक उपाय सर्व देशांनी अवलंबावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केली आहे.

इतिहास

१९५६ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेत सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये एक नवा विषाणू सापडला. त्याला चिंपांझीच्या सर्दीचा कारक असे नाव देण्यात आले. पुढील वर्षी रॉबर्ट चॅनॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाल्टिमोर येथील श्वसनरोगाने आजारी बालकांमध्ये तोच विषाणू ओळखला आणि त्याला आजचे नाव मिळाले.

१९६० च्या दशकाच्या मध्यास फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेल्या विषाणूची लस अमेरिकेत बालकांना देऊन पाहण्यात आली. तिने संरक्षण तर दिले नाहीच, उलट लस घेतलेल्या बालकांना पुढे नैसर्गिक संसर्ग झाला तेव्हा त्यांपैकी सुमारे ८० टक्के बालकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. लस न घेतलेल्या गटात हे प्रमाण ५ टक्के होते. लस घेतलेल्या दोन बालकांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेमुळे आरएसव्ही लसीचे संशोधन अनेक दशके मागे पडले.

कोंडी फुटली ती २०१३ मध्ये. एफ प्रथिन पेशीत शिरण्यापूर्वी एका आकारात आणि शिरल्यानंतर वेगळ्या आकारात असते. सर्वांत प्रभावी प्रतिपिंडे पहिल्या आकारालाच चिकटतात. परंतु तो आकार अस्थिर असतो. जेसन मॅकलेलन, बार्नी ग्रॅहम, पीटर क्वाँग आणि सहकाऱ्यांनी या मूळ आकाराची रचना उलगडून तो स्थिर करण्याची पद्धत शोधली. गर्भवतींसाठीची आजची लस याच स्थिर केलेल्या प्रथिनावर आधारलेली आहे.

कोविड-१९ च्या साथीतील निर्बंधांमुळे २०२०–२१ मध्ये अनेक देशांत आरएसव्ही जवळजवळ दिसेनासा झाला. निर्बंध शिथिल होताच ऑस्ट्रेलिया व अमेरिकेत तो नेहमीचा हंगाम सोडून ऐन उन्हाळ्यात उसळला.

आजाराचा भार

२०१९ या वर्षी जगभरातील पाच वर्षांखालील मुलांत आरएसव्हीमुळे खालच्या श्वसनमार्गाच्या संसर्गाचे सुमारे ३.३ कोटी प्रसंग घडले, ३६ लाख मुले रुग्णालयात दाखल झाली आणि सुमारे १,०१,४०० मुले दगावली, असा अंदाज आहे. यांपैकी ४५,७०० मृत्यू सहा महिन्यांखालील बालकांचे होते. ९७ टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत झाले. श्रीमंत देशांत ही प्रामुख्याने रुग्णालयांवरील ताणाची समस्या आहे. गरीब देशांत ती प्राणवायूपर्यंत वेळेत पोहोचण्याची समस्या आहे.

उत्तर भारतात आरएसव्हीचा जोर हिवाळ्यात असतो. महाराष्ट्रात अमरावती जिल्ह्यातील मेळघाट या आदिवासीबहुल भागात दोन वर्षांखालील बालकांमधील आरएसव्हीचा गावपातळीवर अभ्यास झाला असून तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा अभ्यासांचे महत्त्व हे की, घरीच दगावणाऱ्या बालकांची नोंद रुग्णालयांच्या आकडेवारीत होत नाही आणि आजाराचा खरा भार त्यामुळे झाकला जातो. दुर्गम भागात श्वासाची गती मोजणे, छाती आत ओढली जात असल्याचे ओळखणे आणि बाळाला वेळेत रुग्णालयात पाठवणे यांत आशा कार्यकर्तींची भूमिका मोलाची ठरते. भारत सरकारने बालकांमधील न्यूमोनियाचे मृत्यू कमी करण्यासाठी २०१९ मध्ये ‘सांस’ हे अभियान सुरू केले. लसीकरण कार्यक्रमात हिमोफिलस इन्फ्लुएंझा ब आणि न्यूमोकोकस या जिवाणूंविरुद्धच्या लसींचा समावेश झाल्यानंतर बालकांच्या श्वसनरोगांत विषाणूंचा, त्यातही आरएसव्हीचा, सापेक्ष वाटा अधिक ठळक झाला आहे.